हुप्प्यासाठी बाणाचं वजन

२ ऑक्टोबर १९५६, मंगळवार
गणपतीपासून वहीत एक अक्षर नाही. माफी मागतो, वहीची की स्वतःची, ते नंतर ठरवू. काल हुप्प्याने, म्हणजे आमच्या कोपरी गावात माजलेल्या त्या काळतोंड्या वानराने, खिडकीतून हात घालून उत्तराचा दंड फाडला. पोरीला टाके पडले. प्रमोदिनी म्हणाली, दसऱ्यापर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर लेकीला घेऊन मी डोंबिवलीला माहेरी जाते. बाणाने त्याचा जीव घेणार. पण आज गांधीजयंती, म्हणून निश्चय उद्यापासून.

४ ऑक्टोबर, गुरुवार
बांबूचं धनुष्य, बोरूचा बाण. हलका बाण वेगाने जातो, हे गणिताच्या मास्तरला कुणी सांगायला नको. नेम डोक्याचा धरला, लागला मांडीला. हुप्प्याने बाण उपसला, हुंगला, मोडला आणि कौलांवरून झेप टाकून माझा कान फाडला. सदरा रक्ताने भिजला. नेम बरोबरच होता. वजन कमी पडलं.

८ ऑक्टोबर, सोमवार
बाणात छत्रीची काडी, टोकाला खिळे. जड बाण खोल घुसतो. घुसलाही, पण धनुष्याला तो पेलला नाही, अर्ध्या वाटेत खाली आला तो शेजारच्या काळुरामच्या म्हशीच्या पुठ्ठ्यात. म्हशीने दावं तोडलं, कुंपण पाडलं, मला शेणाच्या खड्ड्यात फेकलं. बरगडी दुखते. काळुराम म्हणाला, "मास्तर, तुमचा भांडान माकराशी हाय का माजे म्हशीशी?" प्रश्न रास्त आहे. वजन मध्यम हवं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
मध्यम बाण तांबड्या भोपळ्याच्या आरपार. उत्तरा म्हणाली, "बाबा, त्याचंही असंच करा." प्रमोदिनी ट्रंक भरता भरता थांबली. उद्या विजय नक्की.

१३ ऑक्टोबर, शनिवार
खंडेनवमी. धनुष्यबाण रीतीप्रमाणे झेंडूची माळ घालून देवापुढे मांडले; कोयता, विळी, वरवंटाही. पुजलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत उचलायचं नसतं. दुपारी हुप्प्या थेट देवघरात. नैवेद्य खाल्ला, मग उत्तराची वेणी धरून तिला फरफटवू लागला. ती किंचाळली, बाबा, बाण. मी विचारात: पुजलेला बाण उचलावा का? त्यात शनिवार, मारुतीचा वार. निर्णय होतच आला होता, तेवढ्यात प्रमोदिनीने पुजलेला वरवंटा त्याच्या टाळक्यात घातला. पुन्हा घातला. तो हलायचा थांबला तरी घालत राहिली. समईवर, फुलांवर, माझ्या धोतरावर रक्त.

काळुरामने गुलाल वाहून त्याला खाडीकडे पुरायला नेलं. मी प्रमोदिनीला म्हटलं, आता डोंबिवलीला जायचं कारण उरलं नाही. ट्रंकेला कुलूप लावत ती म्हणाली, "कारण मेलेलं नाही. ते समोर उभं आहे."

दोघी गेल्या. शांतपणे पाहता माझंच बरोबर होतं. झेंडूच्या माळेने बाण जड झाला होता. सोडला असता तर उत्तरालाच लागला असता.

उद्या: माळ काढून बाण पुन्हा तोलणे.