मरियामाता अजून माझ्याकडेच

चि. सिसिलिया,

सात वर्षांनी लिहिते आहे म्हणून लगेच डोळे पुसू नकोस.

रोझरीच्या महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते, ती सोमवारी माझ्याकडे आली. मंगळवारी पुढच्या घरी पोचवायची होती. यंदाच्या यादीत पुढचं घर तुझं. आज शुक्रवार. खांदा कॉलनीतल्या दोन इमारती मला ओलांडवत नाहीत.

काल शेजारची हेतल म्हणाली, "आंटी, मदर मेरी अजून इथेच? माझ्या सासूबाईसुद्धा इतके दिवस राहत नाहीत."

"तू तुझी भाजी बघ, करपतेय," मी म्हटलं.

आईच्या दफनानंतर सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "ताईनं आईची सेवा केली ती स्वर्गात पुढची खुर्ची मिळावी म्हणून." किती उद्धट! तेव्हापासून मी रविवारची एकही मिस्सा चुकवली नाही, उपास वाढवले, रोज माळ जपली. तुला दाखवायलाच. म्हणजे तुझंच खरं ठरलं, आणि संताप त्याचाच येतो. पस्तीस वर्षं शाळेत मुलींकडून प्रभूची प्रार्थना घोकून घेतली. आता मूर्तीसमोर बसून स्वतः म्हणते, तर क्षमेच्या ओळीवर मला नेमका खोकला येतो.

सकाळपासून चार वेळा चपला घातल्या आणि काढल्या. आता पाचव्यांदा घातल्या आहेत.

हे पत्र टाकणार नाही, मीच येते. मूर्ती जड आहे, दोन्ही हातांनी धरावी लागते, त्यामुळे बेल वाजवता येणार नाही. दारात उभी राहून तुला नावानं हाक मारावी लागेल. पहिल्याच हाकेला दार उघड. दुसरी मारेन, असं समजू नकोस.

अजून रागावलेलीच,
रेजिनाताई