उताऱ्यावरचं नाव

श्रावणातला दुसरा मंगळवार, संध्याकाळ
बेघरांचा निवारा, सोलापूर

आज खोटं बोललो. कपाळाला अंगारा होता, तरी बोललो.

अर्ज भरताना निवाऱ्याच्या साहेबांनी विचारलं, "काका, गावाकडं घर आहे का?" मी नाही म्हणालो. माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं "अकलूजला हाय की" म्हटलं आणि त्याला तिथूनच परत पाठवलं. नावावर कुठंही घर असलं तर इथं राहता येत नाही, असा नियम आहे.

मोडनिंबच्या आमच्या घराची आता नुसती चौकट उभी आहे. पण ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर माझं आणि भावाचं नाव अजून आहे. साहेब म्हणाले, "गुरुवारपर्यंत गावात घर नसल्याचा ग्रामसेवकाचा दाखला आणा, मग पक्कं करू." तेव्हापासून ते उताऱ्यावरचं नाव डोळ्यांपुढून हलत नाही.

बायकोचं, सुशीलाचं, डायलिसिस चालू आहे. दवाखाना इथून चालत जाण्याजोगा, म्हणून तर इथं आलो. तिला सगळं सांगितलं, तर हसली. "त्या घरात आता काटेरी बोराटी राहतीया. खरं सांगा की त्यास्नी." हिला भीती वाटत नाही? मला वाटते. दाखला मागायला गेलो की खोटं उघडं पडणार. आणि खरं सांगितलं तर? पडकं घर नियमात घर धरतात का, कुणाला विचारावं?

देवापुढं हात जोडले, पण मागायला तोंड झालं नाही.

सकाळी जाऊन साहेबांना खरं सांगणार आहे. सुशीलाला म्हणालो, त्याआधी डोक्यावरून अंघोळ करून घे, इथून काढलं तर मग पाणी कुठं मिळेल सांगता येत नाही. तिनं पिशवीतून धुतलेलं लुगडं काढून उशाला ठेवलं.