डोअरकीपरचा एक मिटलेला डोळा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तो वाकून केला आहे असं समज (कंबर सध्या वाकत नाही, मन वाकलंय). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनाही नमस्कार सांग. मात्र पेपर वाचून झाल्यावर सांग, आधी सांगितलास तर फुकट जाईल. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं पुढे येईल, घाई करू नकोस.

मधले काही दिवस मी तुझे फोन उचलत नव्हतो, कारण मला वाटत होतं की माझं आबांसारखं होतंय. दिवेलागणीला आबा कसे चाचपडायला लागायचे आणि पुढे पुढे भर दुपारीही आपल्या खांद्यावर हात ठेवून कसे चालायचे, ते तुला मी सांगायला नको. आणि मी कोण? थिएटरचा डोअरकीपर! खेळ सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना अंधारातून नेऊन खुर्चीत बसवायचं, यातच माझा जन्म गेला. बॅटरी फक्त गिऱ्हाइकाच्या पायांपुढे धरायची, कुणाच्या तोंडावर कधी मारायची नाही, हा आमच्या धंद्यातला सभ्यपणा (हल्लीची पोरं मारतात, त्यांचं जाऊ दे). खुर्ची रिकामी की भरलेली, हे मला नुसत्या नजरेने कळायचं. ते अचानक कळेनासं झालं. एकदा दुपारच्या खेळाला एका धिप्पाड गृहस्थांना मी मोठ्या अदबीने एका जागेवर बसवलं, तर त्या जागेवर आधीच मॅनेजरसाहेबांच्या सासूबाई बसलेल्या होत्या. त्या ओरडल्या, गृहस्थ ओरडले, आणि पडद्यावर नेमका हळवा प्रसंग चालू असल्यामुळे बाकीचे लोक दोघांवर ओरडले. दुसऱ्या दिवशी मी खांबाला म्हणालो, साहेब, जरा बाजूला होता का. साहेब होईनात म्हणून मी आवाजही चढवला.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे असं काही झालं तर मी स्कूटर स्टँडवर बसायचं आणि टोकन द्यायचे. ताई, टोकन द्यायला माझी ना नाही, पण घरी येऊन मी उशीत तोंड घालून रडलो. नोकरीसाठी नाही, आबांचा तो खांद्यावरचा हात आठवून. मग अंगातलं सगळं बळ एकवटून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने आपल्या भाचीएवढ्या आणि दरारा मात्र तुझ्याएवढा. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली, आत उजेड टाकून इकडून तिकडून पाहिलं आणि मग माझा जीव टांगणीला लावून कागदावर काहीबाही लिहीत बसल्या.

आणि बोलायला लागल्या त्या थांबेनात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो (पडदा म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो, आपल्या खात्यातला विषय). त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, त्या दोन जातींच्या. शंकूपेशी थोड्या, त्या दिवसपाळीच्या, रंग ओळखणाऱ्या. दंडपेशी कोट्यवधी, त्या अंधाराच्या पाळीच्या. त्यांना रंगातलं काही कळत नाही, पण उजेडाचा कण जरी आला तरी सोडत नाहीत. गंमत म्हणजे या सगळ्या उजेडाकडे पाठ करून बसतात, तिकीट काढून आलेल्या माणसाने पडद्याकडे पाठ करावी तसं. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या अंधारात सारख्या बडबडत असतात आणि उजेड पडला की गप्प होतात! (एकटे असताना भाऊजी बोलत सुटतात आणि तू आलीस की गप्प, अगदी तसंच. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) मी विचारलं, गप्प झाल्यावर मेंदूला कळतं कसं? तर म्हणाल्या, घरातली मुलं एकदम गप्प झाली की आईला कसं कळतं?

आता माझ्या दुखण्याचं मूळ. दंडपेशींत एक रंगद्रव्य असतं, उजेड पडला की ते मोडतं आणि अंधारात पुन्हा हळूहळू जुळून येतं. पुरतं जुळायला अर्धा तास तरी जातो. बाईंनी विचारलं, कामात काही बदल झालाय का. नाही म्हणालो आणि मग लक्षात आलं. साहेबांनी नुकतंच थिएटरचं तोंड काचेचं करून घेतलं, वर पांढरेफेक दिवे लावले, आणि आम्हाला आतल्या दाराऐवजी त्या झगझगाटात तिकिटं फाडायला उभं केलं. म्हणजे तिथे मी माझ्या दंडपेशी धुऊन काढत होतो आणि तसाच आत शिरून खांबाशी भांडत होतो. डोळे ठणठणीत आहेत, आबांच्या आजाराचं चिन्हही नाही. हे ऐकल्यावर मी बाईंसमोर रडलो, त्यांनी त्याला थेंबांचा परिणाम म्हटलं. शहाणी मुलगी.

उपायही त्यांनीच सांगितला. बाहेर असताना एक डोळा मिटून ठेवायचा, आत गेल्यावर तो उघडायचा. एका डोळ्याच्या पेशी ताज्या राहतात. उपाय अक्सीर ठरला, एकही माणूस चुकीच्या मांडीवर गेला नाही. पण काचेच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडे एक डोळा मिटून बघणारा डोअरकीपर कसा दिसत असेल, हा विचार ना बाईंनी केला, ना मी. तीन तक्रारी आल्या, एका काकूंनी छत्री उगारली. शेवटी साहेबांना दंडपेशी समजावून सांगितल्या, तेव्हा कुठे त्यांनी मला पुन्हा आतल्या दाराशी उभं केलं. (त्यांनाही एक डोळा मिटायला लावून मी स्वतः आत नेलं, सासूबाई बसल्या होत्या ती खुर्ची दाखवली. मग पटलं.)

एकूण सगळं छान चाललंय. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. समोरच्याच तिकीट खिडकीवरच्या बाईंनी मात्र तक्रार केली नाही. आठवडाभर पाहिलं आणि मी आतल्या दाराशी गेल्यावर विचारलं की डोळा मिटायचं का थांबवलंत. त्यावर मी काय बोललो ते समक्ष सांगेन.

आणखी एक ता. क. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भावंडं किती? त्यांचे डोळे तपासलेत का? ताई, मागच्या खेपेला तू चहा अर्धा टाकून उजेडातच निघालीस, आणि जिन्यात दिवा असूनही भिंत धरून उतरलीस. तुमच्या गल्लीतले दिवे मंद झालेत म्हणालीस. मी भाऊजींना विचारलं, दिवे आहेत तसेच आहेत. काही निघेलच असं नाही. बाई म्हणाल्या, याची कारणं पुष्कळ असतात आणि बरीचशी बरी होण्यासारखी असतात. आबांना तर कुणी तपासलंच नाही. मंगळवारी सकाळी तुझं नाव लावलंय. नाही म्हणू नकोस. त्या यंत्रासमोर मी एकटा बसलो होतो आणि फार घाबरलो होतो. तू एकटी बसणार नाहीस. माणसाला हाताला धरून खुर्चीपर्यंत नेणं, एवढं एकच काम मला नीट येतं.