ते तरंगतात कशामुळं

रवि. १८ जाने.

साखरपुड्यानंतर पहिल्यांदा रेणुकाबरोबर बाहेर. म्हणजे मध्ये तिचा भाऊ गणेश, ती पलीकडच्या खुर्चीवर. दोघं गंगापूरहून एस.टी.नं आले. पिक्चर मी निवडला, अंतराळाचा, हिंदीत डब केलेला. गणेशला मारामारी पाहिजे होती.

यान मंगळाच्या पुढं गेलेलं. परतीचं इंधन गळून गेलंय. खाली पृथ्वीवरच्या साहेबांना ते माहीत आहे, पण वरच्या चौघांना सांगत नाहीत. का, तर त्यांचं कामातलं लक्ष उडेल! सगळं थिएटर गप्प, आणि गणेश पॉपकॉर्न चावत मोठ्यानं, "दाजी, तुम्ही इंजिनियर. सांगा बरं, ते तरंगतात कशामुळं?"

पुढची रांग वळून बघायला लागली. म्हणालो, "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं."

"बघ ताई, लई हुशार हायेत दाजी!"

इंजिनियर. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला इंजिनियर. लग्न ठरवायच्या बैठकीत माझ्या मामांनी तसं ठोकून दिलं आणि मी सतरंजीकडं बघत बसलो.

शेवटी वैमानिक बाईला कळतं. रेडिओवर एवढंच विचारते, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" इतक्या लांबून उत्तर यायला वेळ लागतो. ती वाट बघत बसते, पडदा काळा. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

स्टँडवर मी म्हणालो, त्या साहेबांना उलटं टांगलं पाहिजे. रेणुका पहिल्यांदा हसली. "व्हय," म्हणाली.

सोम. १९

चिकलठाण्याला कारखान्यात, कामावर. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोधलं. मी चुकलो. गुरुत्वाकर्षण तिथंही असतं, सूर्य ओढतच असतो. यान आणि आतली माणसं सारखीच पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात.

रेणुका बी.एस्सी.ला आहे. तिला हे माहीत असणारच. गप्प का बसली?

दुपारनंतर डोकं ठिकाणावर नाही. दिवसभर मापात नसलेला माल बाजूला काढायचा, हेच माझं काम. आणि मला मामांनी पास करून पाठवलंय.

मंगळ. २०

मामा चहाला. म्हणालो, "रेणुकाच्या घरच्यांना खरं सांगा."

"लग्न होऊ दे. पोरगी घरात आली की सगळं बसतं जागेवर."

"आणि तिला कळलं की?"

"आत्ता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला?"

तोच साहेब! फक्त बशीतून चहा पिणारा. कप जोरात आदळला, कान तुटला. आई म्हणाली, मामांशी असं वागतात का. तिला राग आला तो कपाचा. मामा म्हणाले, "तुझ्यासाठीच बोललो ना?"

मला विचारलं होतं?

विचारलं नव्हतं. पण…

गुरु. २२

आज रेणुकाला फोन केला. शब्द आधी ठरवले होते, एकही उपयोगाला आला नाही.

"त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तिथं गुरुत्वाकर्षण असतं."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"गणेशसमोर? तुम्ही इंजिनियर, तुमची चूक कुठं काढू?"

पुन्हा तो शब्द. सांगून टाकलं. डिप्लोमा अर्धा, कारखान्यात माल तपासतो, मामा खोटं बोलले.

 मग म्हणाली, "मामांचं राहू द्या. बैठकीत तुम्ही होता ना?"

"होतो."

"मग त्या दिवशी स्टँडवर कुणाला टांगायचं म्हणत होता?"

ठेवला फोन. मी उत्तर द्यायच्या आत.

शनि. २४

रेणुकाच्या वडिलांचा मामांना फोन. उद्या येतो, बसून बोलू. एवढंच. मामांनी मला घरासमोर उभं करून झापलं, गल्लीनं ऐकलं. "नाक कापलंस! आता सांगायचं, पोरानं गंमत केली."

"उद्या तुम्ही तोंड उघडलं, तर तुमच्यासमोरच खोटं पाडीन."

  गणेशला दोनदा फोन केला. उचलत नाही.

रवि. २५

सकाळी अंगणात झाडू मारला, सतरंजी अंथरली. मामा येरझाऱ्या घालतायत. माझ्याशी बोलत नाहीत, बरंच आहे. मीच बोलणार आहे.

आई पोह्यांचा डबा घेऊन उभी. "किती माणसं?"

"तिचे वडील, काका, गणेश."

"अन् ती?"

निरोप नाही. अशा बैठकीला मुलीला कोण आणतं, असं मामाच भिंतीकडं बघून म्हणाले.

"तिचेही धरून भिजव," आईला म्हणालो.

"नाय आली तर?"

"भिजव."