डावी वही, उजवी वही

प्रिय डाव्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस न फोडता टेबलावर ठेवून देशील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच टपालात न टाकता बोटवाल्या काकांच्या हाती पाठवते आहे. तू पाकीट फोडल्याशिवाय ते दारातून हलणार नाहीत, तशी ताकीदच दिली आहे. त्यांना बसव, चहा दे आणि वाच. चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग चिड. बंदराची सुनावणी गुरुवारी आहे आणि आज सोमवार, म्हणजे चिडायला तुझ्याकडे तीन दिवस आहेत.

मावशी गेली. उजव्या वहीतली सातवी डॉल्फिन, पाठीवरच्या परामागे विळ्यासारखा पांढरा व्रण असलेली. गेल्या मंगळवारी सकाळी काकांचा फोन आला, “बाई, बर्फाच्या कारखान्याखालच्या उतारावर या, तुमच्यातली एक आलीय.” तुमच्यातली! चोवीस वर्षं ते असंच म्हणतात. मी गेले तेव्हा ती उजवी बाजू वर करून पडली होती. व्रण पाहिला आणि ओळखलं. ही दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, आठवतं ना? ओहोटीला आया माशांमागे गेल्या की दोन-तीन पिल्लं हिच्याभोवती त्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर घुटमळत असायची. “हिला पगार कोण देतं?” असं तू विचारायचास. गेल्या महिन्यातसुद्धा एक पिल्लू तिच्या पोटाशी लागून पोहताना मी पाहिलं. पाण्यातल्या मायक्रोफोनवर तिची शीळ मला हजारांत ओळखू यायची. आधी चढ, मग जराशी थरथर, मग एकदम तुटलेली.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “डाव्याला कळवलंस का?” तुझं खरं नाव तिने कधी घेतलंच नाही. ती आता ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण बंदर कंपनीच्या अहवालावर तुझी सही आहे हे तिने वर्तमानपत्रात वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू सही मीच केली होती. संध्याकाळी म्हणाली, “तो मुळात गप्प बसणारा. गप्प बसणाऱ्याला कुणीही आपल्या बाजूला बसवून घेतं.” मी तुझी बाजू घेतली नाही. पण तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. तुला गप्प बसायला शिकवलं कुणी, हे तिला माहीत नाही. तुला आणि मला माहीत आहे.

अहवाल मी तीनदा वाचला. “या खाडीच्या मुखाशी एकसष्ट डॉल्फिनांची वस्ती असल्याचे पूर्वीच्या शास्त्रीय पाहणीत दिसून आले आहे. त्यामुळे गाळ उपसण्याचा आणि टाकण्याचा परिणाम नगण्य राहील.” नगण्य! एकसष्टांतल्या पाच-दहा गेल्या तरी कुणाचं काय अडलं, असा हिशोब आहे हा. आणि काम चालू असताना प्राणी “इतरत्र स्थलांतर करतील” म्हणे. कुठे जातील ते कुणी लिहिलेलं नाही. उपसलेला गाळ जिथे ओतणार आहेत, तोच तो वाळूचा पट्टा, तीच ती पोरं सांभाळायची जागा. तो पट्टा नकाशावर नुसता फिकट निळा दिसतो, म्हणून तो रिकामा असं समजणारी माणसं खुर्चीत बसली आहेत. त्यांच्याशी मी भांडेनच, ते काही नवीन नाही. मला झोप लागत नाही ती त्या आकड्यामुळे. पूर्वीची शास्त्रीय पाहणी कुणाची, डाव्या? तुझी आणि माझी.

ते लांबट टेबल तुला आठवत असेल. तू डावखुरा, म्हणून डावीकडे बसायचास, नाहीतर लिहिताना तुझं कोपर माझ्या बरगडीत. मधे फोटोंचा ढीग. त्या ढिगाची वाटणी आपण किती बालिश पद्धतीने केली होती! फोटोत तोंड डावीकडे असेल, म्हणजे डावी कूस दिसत असेल, तर फोटो तुझ्या वहीत. उजवी दिसली तर माझ्या. आणि नियम असा की काम संपेपर्यंत एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, म्हणजे नजर फितूर होणार नाही. किती अभिमान होता आपल्याला त्या नियमाचा! सहा महिने दोन शहाणी माणसं हातभर अंतरावर बसून त्याच प्राण्यांना वेगवेगळी नावं देत होती. तुझ्या वहीत सत्तावीस झाल्या, माझ्या वहीत चौतीस. मग वह्या उघडल्या, कुशीवरचे ओरखडे आणि डाग ताडून पाहिले, एकही जुळला नाही. जुळणार कसा? डाव्या कुशीवरचा डाग उजव्या कुशीवर कशाला असेल? पण आपण बेरीज केली. एकसष्ट.

आपण म्हणजे मी. तू थांबला होतास. पेन्सिल कानामागे खोचून तू म्हणालास, “अगं, तुझी मावशी आणि माझी वकीलीण एकच तर नसेल ना? आपण एका जिवाला दोनदा तर नाही मोजत आहोत?” आणि मी स्टुलावर उभी राहिले. अक्षरशः उभी राहिले. दीड तास बोलले. पुरावा कुठाय म्हणाले. तुझा स्वभावच संशयी आहे म्हणाले. मोठा आकडा दिला तरच हे प्राणी वाचतील, लहान आकड्याला सरकारात कुणी भीक घालत नाही, असंही म्हणाले. हे शेवटचं वाक्य मी विसरायचा फार प्रयत्न केला. लोक मला वक्ता म्हणतात, माझ्या भाषणांना टाळ्या पडतात. पण माझं सगळ्यात परिणामकारक भाषण ते होतं, आणि ते ऐकायला एकच माणूस होता. तू पेन्सिल खाली ठेवलीस, “बरं, तू म्हणशील तसं,” म्हणालास आणि आपल्या अहवालावर सही केलीस. त्यानंतर दोन वर्षं आपण बरोबर होतो, पण तू मला पुन्हा एकही प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

तू गेलास तेव्हा डावी वही घेऊन गेलास. मी अडवलं नाही. मी डावी बाजू मोजणंच सोडून दिलं. त्यात गैर काही नाही, एकच कूस धरून मोजणारे कितीतरी आहेत, मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते. पण चोवीस वर्षांत उजव्या वहीत चाळिसाच्या वर नाव कधी गेलं नाही. आता मावशी धरून एकोणतीस आहेत. बाकीच्या कुठे, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, त्या दुसऱ्या वहीतल्या, त्या वेगळ्या. माझ्यासारख्या बाईला हे कळायला हवं होतं. कळलंच होतं, असं तू म्हणशील, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तर त्या उतारावर. लांबी मोजली, दात पाहिले, मग दुसऱ्या कुशीचा फोटो हवा म्हणून चौघांनी मिळून तिला उलटवलं. डाव्या कुशीवर, परामागे, दोन उभे पांढरे पट्टे. वकिलाच्या गळ्यातल्या पट्ट्यांसारखे. तू ते नाव ठेवलंस तेव्हा माझ्याकडे बघून हसला होतास आणि मी तुझ्यावर खोडरबर फेकलं होतं. डाव्या, ती वकीलीण होती. एका अंगाने मावशी, दुसऱ्या अंगाने वकीलीण. काका शेजारी विडी ओढत उभे. मी म्हटलं, “काका, ही एकच होती.” ते म्हणाले, “मग? आम्ही कधी दोन म्हटलं?” मी विचारलं, “तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?” तर म्हणे, “तुम्ही दोघं वह्यांत बघून भांडत होता. पाण्यात काय दिसतं ते आम्हाला कुणी विचारलं?”

घरी येऊन आपला जुना अहवाल काढला. त्याच्या मागे तुझ्या वहीतले बारा फोटो छापलेले आहेत, डावीकडचे तेवढेच माझ्याकडे उरलेत. पारदर्शक कागदावर प्रत्येक पराची कड गिरवली, मागची किनार, त्यातले दाते, चिरा, सगळं. मग कागद उलटा केला आणि खिडकीच्या काचेवर माझ्या फोटोंवर धरला. डाग जुळत नाहीत, पण किनार दोन्हीकडून तीच असते. इतकं साधं! बारांपैकी नऊ जुळल्या. एकटी मावशीच नाही, नऊ. उरलेल्या तिघी कदाचित खरंच वेगळ्या असतील. आणि बाकीच्या पंधरा तुझ्या कपाटात आहेत.

दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेच्या संचालकांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, “मॅडम, सुनावणीच्या तोंडावर आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? त्यांचा वकील म्हणेल, ज्या बाईला साठ आणि चाळीस यांतला फरक कळत नाही, तिचं पिल्लांबद्दलचं तरी काय ऐकायचं?” म्हणू दे की! मी म्हणाले, मी त्या वकिलालाच सांगेन, हो, नाही कळला, आणि तोच चुकलेला आकडा तुमच्या अहवालाचा पाया आहे, आता सांगा तुमचा अहवाल कशावर उभा आहे? ते म्हणाले संस्थेची अब्रू जाईल. मी म्हटलं, संस्थेची अब्रू वाळूच्या पट्ट्यावर पिल्लं घालत नाही. त्यांनी रजा घ्यायचा सल्ला दिला. मी रजा मागितलेली नाही, घेतलेलीही नाही. खुर्ची हवी तर काढून घ्या म्हणाले, मी उभ्याने बोलते. तुला हसू आलं असेल. स्टुलावरची माझी सवय अजून गेलेली नाही.

कंपनीत तू काय विचार करून गेलास ते मी विचारणार नाही. घर, औषधं, कंटाळा, माझ्यावरचा राग, कारण काहीही असू शकतं. खाडीच्या त्या चिखलाच्या फाट्यावर पॉर्पॉइजची, डॉल्फिनच्या त्या लाजऱ्या भावंडांची, वाट बघत तू तासन्‌तास बसायचास, ते आठवतं. पाठीवर पर नाही, उडी नाही, एक बारीकसा श्वास आणि पाणी पुन्हा सपाट. मला त्यांचा राग यायचा, ओळखायचं कसं यांना? तू म्हणायचास, “ओळख दिलीच पाहिजे असं कुठाय? आहेत एवढं पुरे नाही का?” तेव्हा मला हे पळपुटं वाटलं होतं. आता वाटतं, इतक्या वर्षांत फक्त तेवढंच एक वाक्य तू माझ्यापुढे रेटून बोलला होतास, आणि तेही स्वतःसाठी नव्हतंच. पण डाव्या, गुरुवारी श्वास घेऊन बुडी मारायची सोय नाही. तुझी सही वर तरंगते आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. परवानगी मागायला लिहिलेलं नाही, तशी सवय मला नाही. गुरुवारी अकरा वाजता, नगरपालिकेच्या सभागृहात, मी माईक घेणार आहे आणि सांगणार आहे की एकसष्ट खोटे आहेत. चौतीस मी स्वतः पाहिल्या, यंदा एकोणतीस उरल्या होत्या, त्यातली एक गेल्या मंगळवारी गेली, म्हणजे अठ्ठावीस. आणि मग सांगणार आहे की हा आकडा चुकतो आहे, हे चोवीस वर्षांपूर्वी एका माणसाच्या लक्षात आलं होतं. त्याने विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं. तुझं नाव घेऊन सांगणार आहे, सगळ्यांसमोर, तुझ्या मालकांसमोर, तुझे शब्द जसेच्या तसे. त्यांना वाटेल मी तुला बुडवते आहे. ते ऐकताना तुलाही क्षणभर तसंच वाटू नये, म्हणून हे आधी तुझ्या हातात दिलं. तो प्रश्न तुझा होता, तो मी तुला परत करते आहे. यायचं असेल तर निळ्या कापडाची ती डावी वही घेऊन ये. ती तू टाकून दिलेली नाहीस, हे मला शपथेवर सांगता येईल. पारदर्शक कागद मी आणते, पेन्सिल तू आण. टेबल लांबट असेल, मी उजवीकडे बसेन आणि डावीकडची खुर्ची रिकामी ठेवेन. नाही आलास तर ती रिकामीच राहील आणि मी तिच्याकडे बोट दाखवून बोलेन. आलास, तर मी आधी बोलणार नाही. तू विचारायचंस, आणि या वेळी मी खाली बसून ऐकेन.

तुझीच,
टेबलाच्या उजव्या बाजूची