ज्या गच्चीवर स्टूल लागत नाही

प्रिय धाकट्या,

ड्रोनला हात लावायच्या आधी हे पत्र वाच. खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय ते मुद्दाम, म्हणजे ते बाजूला केल्याशिवाय तुला ड्रोन काढताच येणार नाही. तू घाईत असशील. आज संध्याकाळी अख्खी बिल्डिंग गच्चीवर उभी करायची आणि वरून फोटो काढायचा, बिल्डरसाहेबांच्या नव्या जाहिरातीसाठी. म्हातारेकोतारे, पोरंटोरं, सगळे नटूनथटून जिन्याने चढत असतील आणि झालं का, झालं का म्हणून कोणीतरी तुझ्यामागे भुणभुण लावली असेल. लावू दे. जिन्यापाशीच थांब आणि शेवटपर्यंत वाच. लहानपणापासून तू माझं कुठलंच बोलणं पुरतं ऐकलेलं नाहीस, आज तेवढं एक कर.

तू ड्रोन दुकानात आणून टाकलास तेव्हा तक्रार होती की मैदानापलीकडे गेला की कनेक्शन तुटतं, चित्र थिजतं आणि तुझ्या तोंडचं पाणी पळतं. तर ऐक, ड्रोनची चूक नाही, तुझी आहे. रिमोटच्या अँटेनांची टोकं तू भाल्यासारखी ड्रोनवर रोखतोस. टोकातून सिग्नल जवळजवळ जातच नाही रे, सपाट बाजू ड्रोनकडे हवी. हे सांगून सांगून माझ्या जिभेचं कातडं निघालं. फोनला जोडायची केबल पिशवीत कोंबून तिची मान मोडलीस. उडवताना फोनचं वायफाय चालूच. अ‍ॅपने अपडेट मागितलं की नंतर करू, नंतर करू, मग ड्रोनमध्ये नवं, रिमोटमध्ये जुनं, आणि दोघं एकमेकांशी बोलेनात, आपल्या दोन मावश्यांसारखे. ते सगळं मी निस्तरलं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत उडवला, पार लांबवर नेला, एकदाही तुटला नाही. इथवरचं माझ्या धंद्यातलं. पुढचं नाही, आणि त्यानेच माझी झोप उडवली आहे.

बाबांचं ते उंच लाकडी स्टूल आठवतंय ना? तुला ड्रोन शिकवायला घेतला तेव्हा आपल्या गच्चीवर तू तो थेट जमिनीवर ठेवायचास, आणि त्याच्या पोटातला कंपास ठणाणा करायला लागायचा. चुंबकीय अडथळा, जागा बदला, उडू नका. तू वैतागून जिन्याच्या पायरीवर बसायचास आणि मला म्हणायचास, ताई, हा तुझ्यासारखाच किरकिऱ्या आहे. मग मी तुला सांगितलं की स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, त्यांच्यापायी कंपासला दिशा कळत नाही, म्हणून त्याला स्टुलावर ठेवायचं. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगते, आणि लग्नाचं शूटिंग करणारे सगळे गाडीत एक स्टूल घेऊन फिरतात. परवा ड्रोन द्यायला आलास तेव्हा केवढ्या फुशारकीने सांगितलंस की आमच्या नव्या गच्चीवर स्टूल लागतच नाही, कुठेही ठेवा, कंपास चूं करत नाही. वर हेही की उन्हाचा कंटाळा आला म्हणून तू घरात सोफ्यावर लोळून ड्रोन उडवलास, तो डोक्यावर स्लॅबच्या वर, तू खाली, आणि चित्र एकदाही अडखळलं नाही. मी हसले. तू गेल्यावर मात्र ते बोलणं मी पुन्हा पुन्हा आठवत बसले.

तुला दाखवायला म्हणून मी आपल्या घरीच करून पाहिलं. ड्रोन गच्चीवर, मी रिमोट घेऊन खालच्या खोलीत. चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि बंदच पडलं. सळ्यांची जाळी असलेल्या स्लॅबखाली असंच व्हायला हवं, धाकट्या. तुझ्याकडे झालं नाही.

म्हणून मी काल तुझ्याकडे आले. नवी पाती लावून बघते हे नुसतं निमित्त होतं. तू कामावर होतास. मी ड्रोन हातात धरून, जमिनीलगत वाकून सबंध गच्चीभर फिरले, ठकू माझ्यामागे, आत्या काय हरवलंय, आत्या मी शोधू का करत. जिन्यापाशी कंपास व्यवस्थित ओरडला. लिफ्टच्या खोलीपाशी ओरडला. तिथून तुझ्या घराच्या बाजूला वळले आणि तो जो गप्प झाला तो कठड्यापर्यंत गप्पच, मोकळ्या माळावर उभं राहिल्यासारखा. मधोमध पाणी साचून होतं, कोरड्या दिवसात. पाणी साचतं कारण तिथे स्लॅब खाली बसलाय, आणि त्यावरच तुमच्या साहेबांनी त्या दोन नव्या टाक्या आणि बागेची माती चढवली आहे. मी इंजिनिअर नाही, कंपास गप्प बसला म्हणजे स्लॅबमध्ये सळ्याच घातल्या नाहीत याचा काही पुरावा होत नाही, हे मलाही कळतं. पण मग ठकूने मला तिची नदी दाखवायला नेलं. तिच्या पलंगापाशी छतातून एक चीर भिंतीवर उतरली आहे. तिने तिच्यात पेन्सिलीने होड्या काढल्यात, मासे काढलेत, आणि नदी संपते तिथे आपलं घर काढलंय, आई, बाबा, ती. मला म्हणाली, आत्या, नदी वाढली. चीर त्या घरातून आरपार खाली गेली आहे, तिच्या उशीपर्यंत. तुझ्या बायकोला विचारलं तर म्हणाली, टाक्या बसवल्यापासून त्या खोलीचं दार लागत नाही, लाकूड फुगलं असेल.

कालच मी तुला फोनवर हे सगळं सांगितलं आणि तू ताडकन म्हणालास की ताई, तू ड्रोन दुरुस्त कर, बिल्डिंगा नको. लागलं मला. पण तुझं दुखणं कळतं रे. याच बिल्डरने तुला काम दिलं, तुझेच व्हिडिओ बघून निम्म्या लोकांनी इथे घरं घेतली, आता हे घर कच्चं आहे म्हणायचं कोणत्या तोंडाने? तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हसण्यावारी नेलं, चहा पाजून वाटेला लावलं. आज सकाळी पालिकेच्या बांधकाम खात्यात गेले तर म्हणाले, उद्या सकाळी माणूस पाठवतो. उद्या. आणि फोटो आज. नुसतं उभं राहायचं नाही, तू सांगितलंस ना, हात वर करून सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या आहेत.

आता हे पत्र का, ते. ठकू आणि तुझी बायको माझ्या घरी आहेत. मला ताप आहे अशी थाप मारून बोलावलं, मग तिला खरं काय ते सांगितलं. ती थांबली आहे, तुझी वाट बघते आहे. तू खोका न्यायला येशील तेव्हा मी दुकानात नसेन, कारण तुझं तोंड बघून मी पाघळेन. मी त्या खात्याच्या दारात जाऊन बसणार आहे, आजच चला म्हणून, आणि तिथून थेट तुझ्या फाटकाशी येते. ड्रोन दुरुस्त झाला नाही म्हणाले असते तर तू दुसऱ्या कुणाचा तरी मागून आणला असतास. म्हणून पुसूनपासून, चार्ज करून दिलाय. पण तो जोडला जाणार नाही. बंद करून चालू कर, केबल बदल, रिमोट परत जोडून बघ, मी शिकवलेलं सगळं कर, काही होणार नाही. त्याच्या पोटातल्या अँटेनाची वायर मी काढून घेतली आहे, माझ्या पर्समध्ये आहे. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा ड्रोन बिघडवून परत दिला, आणि तोही तुझा. तेव्हा आता लोकांना सांग की कनेक्शन मिळत नाही, फोटो रद्द, सगळे खाली चला. ड्रोन जोडला गेला नाही तर तुला कोणी दोष देत नाही, फार तर हसतील, तुझ्या बहिणीला शिव्या घालतील, घालू देत. सगळ्यात शेवटचा माणूस फाटकाबाहेर आला की मग खरं सांग, आज रात्री कोणी बिल्डिंगमध्ये झोपायचं नाही म्हणून. उड्या मारू देऊ नकोस. मोठ्याने ओरडूही नकोस, धावपळ होईल. हळूहळू उतरव त्यांना, भिंतीच्या कडेकडेने, आणि तूही ये.

फाटकाशी वाट बघत असलेली,
तुझीच,
ताई