तुझ्या इंजिनातली नवी बेअरिंगं

बाबा, तुझ्या जुन्या मोटरसायकलच्या क्रँकची बेअरिंगं शेवटी बदलली. तळासरीच्या गॅरेजात तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या इंजिनांत नवी बेअरिंगं बसवलीस आणि स्वतःची गाडी मात्र झिजलेल्यांवर चालवलीस. "तुझं कॉलेज संपू दे, मग बघू," म्हणायचास. आपल्या घरातली पहिली पदवी आली, आणि त्याच वर्षी तू गेलास.

त्या बेअरिंगांची घरघर डोंगराच्या वळणापासून ऐकू यायची. आई लगेच हातातलं काम सोडायची. मी पुस्तक उघडून बसायचे, कारण आल्या आल्या तू विचारणार, "आज काय नवीन शिकलीस?" तू गेल्यावर गाडी पडवीत झाकून ठेवली होती. आता मला ती हवी आहे. पाड्यावरच्या मुली दहावीच्या गणितात अडकतात आणि घरी बसतात. मी संध्याकाळी त्यांना शिकवायला जाते, पण त्या वेळी तिकडे जीप मिळत नाही, आणि लांबच्या मुलींना घरी सोडावं लागतं. तुझ्या गॅरेजातल्या काकांनी इंजिन खोललं. "आणखी थोडे दिवस हीच चालतील ना?" मी विचारलं. "तुझा बापही हेच म्हणायचा," ते म्हणाले. "उतारावर इंजिन जाम झालं, तर मागं बसलेल्या पोरीला घेऊन पडशील."

मग मी वापीला गेले. दुकानदाराने दोन प्रकार समोर ठेवले. एक घट्ट, हातात जराही न हलणारं. दुसऱ्यात बारीकशी ढिलाई, अंगठ्याला जेमतेम कळेल एवढी. "बेन, ढिला कशाला मागते? सगळे टाइट नेतात," तो हसला. मी ढिलंच घेतलं. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, त्याला जागा लागते, हे तूच शिकवलंस, तेही आईच्या चुलीपाशी. मी तेव्हा सातवीत असेन. कुणाच्या तरी इंजिनाची केसिंग तू चुलीवर ठेवली आहेस आणि आई तांदळाचं पीठ मळून उभी आहे. "भाकरी काय तुझ्या डोक्यावर भाजू?" "भाज की, तापलेलंच आहे," तू म्हणतोस. बेअरिंग तू डहाणूहून मासळीच्या बर्फात घालून आणलं आहेस. केसिंग तापून तिचं भोक रुंदावलं की ते बर्फात आक्रसलेलं बेअरिंग आत सोडायचं, आपसूक बसतं. मला कुठला धीर! मी हातोडी उचलली, आणि तू असा ओरडलास की ती माझ्याच पायावर पडली. "हातोडी लागली म्हणजे मोजलंच नाहीस!" मग तोच मासळीचा बर्फ माझ्या अंगठ्यावर धरून तू कितीतरी वेळ बसलास. पायाला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता.

या वेळी आईने आधीच भाकऱ्या उरकून चूल मोकळी करून दिली. दोन्ही बेअरिंगं अलगद बसली, आणि काकांनी इंजिन पुन्हा जोडून दिलं.

रविवारी गाडी वळणापर्यंत नेऊन परत आणली. इतकी शांत चालली, की माझाच विश्वास बसेना. अंगणात येऊन थांबले, तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. तिला पत्ताच नव्हता. हाक मारली तशी पदराला हात पुसत आली.

"तू होय? मला वाटलं, रस्त्याने कोणी चाललंय."

तिने सीटवरून हात फिरवला. "चांगली केलीस," म्हणाली. आणि मग, वळणाकडे बघत, "आता तो आला तरी कळायचं नाही."

बाबा, काम चोख झालं आहे. तू बोट ठेवशील अशी एकही जागा नाही. उद्या मुली वाट बघतील आणि मी जाणार आहे. पण हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: मी दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन ती झिजलेली बेअरिंगं परत मागितली. परत घालायचीच होती मला. ती भंगारात गेली, असं काका म्हणाले. मला रडू फुटलं, आणि मी त्यांना सांगितलं, डोळ्यांत पेट्रोल उडालं.